८३ पोलादी पेट्या

माझी मुलगी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये ज्या गल्लीत राहते, तिथे तिच्या भिंतीला भिंत लागून ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्या राहतात. मुलीच्या बाळंतपणासाठी मी तिथे पाच महिने होते, तेव्हा आठवड्याच्या बाजाराला आम्ही दोघी बरोबर जात असू. दुकानाच्या दारापाशी आल्या की त्या क्षणभर थांबत, हातातल्या पर्सची चेन चार बोटे उघडत आणि मग आत पाऊल टाकत. पहिल्यांदा मला वाटले, सामानाची यादी शोधत असतील. दुसऱ्या दुकानाशी तेच झाले, तिसऱ्या दुकानाशीही तेच. शेवटी मी विचारले, तेव्हा आपण असे करतो हे माझ्या विचारण्याने प्रथमच त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी सांगितले, की १९७० नंतरच्या वर्षांत शहराच्या मध्यवर्ती बाजारपेठेभोवती लोखंडी फाटके उभारली होती, फाटकाशी झडती होई आणि आत गेल्यावर पुन्हा दुकानादुकानाच्या दाराशी कोणीतरी पिशव्या तपासायला उभे असे. ते तपासणारे जाऊन आता किती वर्षे झाली. हात मात्र अजून चेनकडे जातो.

मी एकतीस वर्षे पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवला. आयर्लंड आमच्या अभ्यासक्रमात स्वतःच्या पायावर कधी आले नाही. ते भारतीय स्वातंत्र्यचळवळीची पार्श्वभूमी म्हणून दीड पानात येई आणि जाई. पण माझ्यापुरते ते दीड पान जिव्हाळ्याचे होते. आजोबांच्या कपाटात न. चिं. केळकरांनी मराठीत लिहिलेला आयर्लंडचा इतिहास होता, आणि ‘केसरी’च्या त्या पिढीने आयर्लंडकडे किती आशेने पाहिले होते हे मला त्या जुन्या, कडा तुटलेल्या पानांतून कळले होते. एक योग तर मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगत असे. टिळकांनी २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. ‘होमरूल’ हा शब्द सरळ आयरिश लोकांकडून घेतलेला, चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्यांनी संसदेत आणि सभांत घासून गुळगुळीत केलेला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात, सोमवारी २४ एप्रिलला, त्या शब्दावरचा विश्वास उडालेल्या काही आयरिश लोकांनी डब्लिनचे मुख्य टपाल कार्यालय बंदुका घेऊन ताब्यात घेतले होते. बेळगावात लीग स्थापन झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी डब्लिनमध्ये त्यांचा नेता पॅट्रिक पीअर्स शरण आला.

पुढचे मी भरभर सांगे. ३ ते १२ मे या दिवसांत पंधरा जणांना गोळ्या घातल्या, त्याने लोकमत फिरले, १९१८ च्या निवडणुकीत स्वतंत्र आयर्लंड मागणाऱ्या सिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर १९२० मध्ये गेले. नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा मॅकस्विनींच्या घरच्यांनी भारताला शोकसंदेशाची तार केली. इथवर आले की माझा आवाज भरून येई आणि वर्ग शांत होई. यात काही खोटे नव्हते. पण ईस्टरच्या त्या आठवड्यात डब्लिनमध्ये पाचशेच्या आसपास माणसे मेली, त्यांतले निम्म्याहून अधिक बंदूक न धरलेले सामान्य नागरिक होते आणि चाळीसएक तर लहान मुले होती, हे मी एकतीस वर्षांत एकदाही सांगितले नाही. मला ते माहीतच नव्हते. जे पुस्तक पुढ्यात होते त्यात ते नव्हते, आणि नसलेले शोधावे असे मला वाटले नव्हते.

बेलफास्टमध्ये बाळ झोपले आणि मुलगी उठली, की मी दोन तास लिनन हॉल वाचनालयात जाऊन बसू लागले. १७८८ मध्ये स्थापन झालेले हे वाचनालय आता शहराच्या मध्यभागी, सिटी हॉलच्या समोर आहे. त्याचे अठराव्या शतकातले एक ग्रंथपाल, थॉमस रसेल, ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या युनायटेड आयरिशमेन या संघटनेच्या बंडखोरांपैकी. ग्रंथपाल असतानाच त्यांना अटक झाली आणि पुढे १८०३ मध्ये ते फाशी गेले. अशा वाचनालयाने पुढे जे केले ते मला फार मोलाचे वाटते. १९६८ मध्ये तेव्हाचे ग्रंथपाल जिमी विटी यांच्या हातात शहरातल्या एका मद्यालयात कुणीतरी नागरी हक्क चळवळीचे पत्रक दिले. आपण घडी घालून खिशात ठेवतो आणि धुण्याच्या वेळी फेकतो, तसे ते पत्रक. त्यांनी ते वाचनालयात नेऊन ठेवले, आणि मग जे जे हाताला लागेल ते ठेवत जायचे असे ठरले. ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणाऱ्या प्रोटेस्टंटांचे, एकसंध आयर्लंड हवे असलेल्या कॅथलिकांचे, सरकारचे, बंदूकवाल्यांचे, बंदुकीला विरोध करणाऱ्यांचे. भित्तिपत्रके, निवडणुकीची पत्रके, चार पानी साप्ताहिके. बाहेर बाँब फुटत असताना या इमारतीतली माणसे दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतून कागद गोळा करत होती. आज ते कागद अडीच लाखांहून अधिक आहेत, आणि या काळावर लिहिणारा कोणताही गंभीर अभ्यासक त्यांच्याकडे आल्याशिवाय राहत नाही.

तिथेच मी रिचर्ड इंग्लिश या इतिहासकाराची पुस्तके ओळीने वाचली. १९६३ मध्ये बेलफास्टमध्ये जन्मलेले आणि तिथल्या क्वीन्स विद्यापीठात दीर्घकाळ शिकवलेले हे प्राध्यापक आयरिश राष्ट्रवाद, ब्रिटनविरुद्ध लढणारी आयआरए ही सशस्त्र संघटना आणि एकंदर दहशतवाद यांवर तीस वर्षांहून अधिक काळ लिहीत आले आहेत. २००३ मध्ये त्यांचा आयआरएचा सलग इतिहास आला. त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे आणि आचरायला अवघड. ज्याने माणसे मारली तो वेडा नव्हता, राक्षस नव्हता, त्याच्यापाशी कारणे होती, आणि ती कारणे त्याच्याच शब्दांत, त्याच्या काळात बसून आधी नीट ऐकली पाहिजेत, असे ते मानतात. ऐकून झाल्यावर ते उठत नाहीत. ती कारणे किती टिकाऊ होती, त्यांत काय गृहीत धरले होते, कोण वगळला होता, आणि त्या कारणांची किंमत कोणी कुठल्या रस्त्यावर चुकवली, हे ते त्याच शांतपणे तपासतात. समजून घेणे आणि माफ करणे यांत ते कधी गल्लत करत नाहीत.

आयरिश राष्ट्रवादाचा दीर्घ इतिहास लिहिताना त्यांनी तीन शब्द धरले: समुदाय, लढा आणि सत्ता. माणसाला आपले म्हणावे असे काही हवे असते. त्या आपलेपणासाठी झगडण्यात स्वतःचेच एक मोल वाटू लागते. आणि त्या समुदायाच्या हाती स्वतःचा कारभार यावा असे वाटते. या तिन्ही गोष्टी इतक्या मानवी आहेत, की राष्ट्रवाद हा कुणीतरी वरून घातलेला भ्रम आहे असे म्हणणारे अभ्यासक त्याचा जोर का ओळखू शकत नाहीत हे चटकन कळते. या पुस्तकाला २००७ मध्ये क्रिस्टोफर इवार्ट-बिग्ज स्मृती पुरस्कार मिळाला. इवार्ट-बिग्ज हे डब्लिनमधले ब्रिटनचे राजदूत. २१ जुलै १९७६ रोजी आयआरएने रस्त्यात पेरलेल्या सुरुंगाने त्यांची गाडी उडवली आणि ते गेले. त्यांच्या पत्नीच्या पुढाकाराने हा पुरस्कार सुरू झाला. ज्या राष्ट्रवादाच्या नावाने तो सुरुंग पेरला गेला, त्याच राष्ट्रवादाचे अंतरंग मनापासून समजून घेणाऱ्या पुस्तकाला त्या माणसाच्या नावाचा पुरस्कार मिळावा, ही गोष्ट वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले.

पण मी सर्वांत जास्त अडकले ती अर्नी ओमॅली या माणसापाशी. इंग्लिश यांनी १९९८ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. ओमॅली १८९७ मध्ये मेयो परगण्यातल्या कॅसलबार गावी जन्मले. घर खाऊनपिऊन सुखी, थोरला भाऊ ब्रिटिश सैन्यात, आणि हे डब्लिनमध्ये वैद्यकीचे विद्यार्थी. १९१६ च्या त्या आठवड्यात कुतूहलाने बाहेर पडलेला हा मुलगा आठवड्याच्या शेवटी हाती बंदूक घेतलेला होता. पुढे त्यांनी वैद्यकी सोडली आणि खेड्यापाड्यांत फिरून तरुणांना लढायला शिकवले. नंतर यादवी युद्धात ते ब्रिटनशी झालेला १९२१ चा करार नाकारणाऱ्यांच्या बाजूने लढले, नोव्हेंबर १९२२ मध्ये अंगात अनेक गोळ्या घेऊन पकडले गेले आणि १९२३ मध्ये तुरुंगात ४१ दिवस उपोषणाला बसले. वाचले. त्यानंतर युरोप, अमेरिका, मेक्सिको असे फिरले, चित्रे जमवली, कविता वाचली आणि १९३६ मध्ये आठवणींचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव अल्स्टरमधल्या एका म्हणीवरून आले आहे: दुसऱ्याच्या जखमेवर झोप छान लागते. आपण म्हणतो, ज्याचे जळते त्याला कळते. तीच गोष्ट, पण ती म्हण झोपणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे आणि म्हणून अधिक बोचणारी.

त्या आठवणींत जून १९२१ मधला एक प्रसंग आहे. टिपरेरी परगण्यात तीन ब्रिटिश अधिकारी ओमॅलींच्या हाती लागले. आपल्या पकडलेल्या माणसांना सरकार फाशी देत आहे, तर यांनाही गोळ्या घालायच्या, असे ठरले. रात्रभर ते तिघे पहाऱ्यात होते आणि पहाटे त्यांना मारले. ओमॅलींनी हे लपवले नाही, सजवलेही नाही. समोरची माणसे बोलत होती, आणि आपल्याला ती आवडत होती तरी आपण आदेश दिला, हे त्यांच्या लिहिण्यातून सोसवत नाही इतके स्पष्ट दिसते. मी तो भाग तीन वेळा वाचला. पहिल्या वाचनात मला ओमॅलींचा राग आला, दुसऱ्या वाचनात त्यांची कीव आली, आणि तिसऱ्या वाचनात मला प्रथमच त्या तिघांची आठवण झाली. इतिहासकार बहुधा तिसऱ्या वाचनापासून सुरुवात करतो. मला तिथवर पोचायला दोन फेऱ्या लागल्या.

ओमॅलींचे आणखी एक काम आहे, आणि ते माझ्या मते त्यांच्या लढण्याहून मोठे आहे. पन्नाशीच्या आगेमागे, प्रकृती खचलेली असताना, ते गाडी घेऊन आयर्लंडभर हिंडले आणि जुन्या लढवय्यांना त्यांच्या स्वयंपाकघरांत, गोठ्यांत, मद्यालयांत गाठून बोलते केले. असे सुमारे ४५० जण. ते ऐकताऐकता वहीत उतरवून घेत. अक्षर असे की पुढे त्यांच्या मुलाला आणि अभ्यासकांना ते लावता लावता वर्षे गेली. पण आपल्यातल्याच एकाशी बोलतो आहोत म्हणून ती माणसे जे बोलली, ते ती सरकारी लेखनिकाशी बोलली नसती. विशेषतः १९२२-२३ च्या यादवीबद्दल, जेव्हा काल एका खंदकात बसलेल्या मित्रांनी आज एकमेकांना गोळ्या घातल्या होत्या.

सरकारी लेखनिकही होतेच. आयर्लंडच्या सरकारने १९४७ मध्ये लष्करी इतिहासासाठी एक खास विभाग काढला आणि दहा वर्षांत १,७७३ साक्षी लिहून घेतल्या. बंदूक चालवणाऱ्यांच्या, निरोप पोचवणाऱ्या मुलींच्या, जखमींना घरात दडवणाऱ्या बायकांच्या. विषयाची मर्यादा आखलेली होती: ११ जुलै १९२१ च्या शस्त्रसंधीपर्यंतच बोलायचे. त्यानंतर भाऊ भावावर उठला, तो भाग मर्यादेबाहेर. तरीही काहींनी नकार दिला, कारण यादवीत जिंकलेल्यांनी उभारलेल्या राज्याला आपली आठवण द्यायची त्यांची तयारी नव्हती. आणि मग १९५९ च्या मार्चमध्ये हे सगळे कागद ८३ पोलादी पेट्यांत घालून सरकारी इमारतीच्या भक्कम कोठडीत बंद केले. सगळे साक्षीदार जाईपर्यंत पेट्या उघडायच्या नाहीत असे ठरले होते. त्या मार्च २००३ मध्ये उघडल्या.

चव्वेचाळीस वर्षे! अभ्यासकांनी या काळात किती हात चोळले असतील याची मला कल्पना आहे. पण मी एका लहान गावात वाढले आहे, आणि शेतीच्या बांधावरून झालेल्या एका खुनाचे साक्षीदार आणि खुन्याची नातवंडे एकाच शाळेत एका बाकावर बसलेली मी पाहिली आहेत. आजोबांनी कुणाच्या आजोबांना कुठल्या वळणावर गाठले हे छापून आले, तर त्या बाकाचे काय होईल? पेट्या बंद करणाऱ्यांनी तो बाक डोळ्यांसमोर ठेवला असावा असे मला वाटते.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजचा प्रकल्प आहे. २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या दोन्ही बाजूंच्या माजी बंदूकधाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. जिवंत असेपर्यंत कुणाला ऐकवणार नाही असे आश्वासन होते. २०१० मध्ये, निधन पावलेल्या दोघांच्या मुलाखतींवरचे पुस्तक आले. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांच्या वतीने अमेरिकेच्या न्यायालयात त्या मुद्रणांची मागणी झाली आणि आश्वासन कायद्यापुढे टिकले नाही. मागणीच्या मुळाशी १९७२ मधला एक खून होता. दहा मुलांच्या विधवा आईला आयआरएच्या माणसांनी बेलफास्टमधल्या घरातून उचलून नेले, ठार केले आणि गुपचूप पुरले. मुले पांगली, निरनिराळ्या संस्थांत गेली. आईचे अवशेष २००३ मध्ये एका समुद्रकिनाऱ्यावर सापडले.

हे प्रकरण मी प्रथम वाचले तेव्हा माझे मन पूर्णपणे मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला होते. साक्षीदाराला दिलेला शब्द मोडला तर यापुढे कोणी तोंड उघडणार नाही, आणि तोंड उघडले नाही तर इतिहास फक्त विजेत्यांच्या भाषणांतून लिहिला जाईल, असे मी मुलीशी तावातावाने बोलले. ती बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, “आई, त्या दहातल्या सगळ्यांत धाकट्याला तू हे समजावून सांगू शकशील का?” मला उत्तर सुचले नाही. आजही नाही. अभ्यासासाठी लागणारा काळ आणि न्यायासाठी लागणारा काळ यांची घड्याळे वेगळी चालतात, आणि इतिहासकाराने आपल्या घड्याळाची वेळ सगळ्यांवर लादू नये, एवढ्यावर मी आता येऊन थांबले आहे.

शब्द आणि साक्षीदार यांवरून एक भांडण तर आयर्लंडमध्ये वर्षानुवर्षे पेटलेले आहे. २८ नोव्हेंबर १९२० रोजी कॉर्क परगण्यात किलमायकल इथे टॉम बॅरी यांच्या आयआरए तुकडीने ब्रिटिशांच्या सहायक पोलीस दलावर छापा घातला. सतरा पोलीस आणि बॅरींचे तीन साथीदार गेले. पोलिसांनी शरण आल्याचे नाटक करून पुन्हा गोळ्या झाडल्या म्हणून सर्वांना मारावे लागले, असे बॅरींचे म्हणणे. १९९८ मध्ये पीटर हार्ट या तरुण इतिहासकाराने ते नाकारले, आणि आधार म्हणून छाप्यात असलेल्यांच्या मुलाखती दिल्या, नावे न देता. मुलाखतीच्या तारखा आणि शेवटच्या साक्षीदाराच्या मृत्यूची तारीख जुळत नाही असे टीकाकारांनी दाखवले. हार्ट २०१० मध्ये अकाली गेले. भांडण चालूच आहे. मला त्यात निवाडा करायचा नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या एका वळणावर पांढरा रुमाल हलला होता की नाही यावर एक देश अजून झोप घालवतो, याचा मला आदर वाटतो.

इंग्लिश यांच्या २०१६ च्या पुस्तकाचा प्रश्न अगदी उघडा आहे: दहशतवाद चालतो का? म्हणजे त्यातून हवे ते मिळते का? अल कायदा, प्रोव्हिजनल आयआरए (म्हणजे १९६९ नंतरची आयआरए), हमास आणि स्पेनच्या बास्क प्रदेशातली एटा अशा चार संघटना त्यांनी घेतल्या आणि ‘मिळणे’ या शब्दाच्या पायऱ्या पाडल्या. मुख्य उद्दिष्ट पूर्ण मिळाले का, अंशतः मिळाले का, वाटेत काही डाव साधले का, आणि लढण्यातच लढणाऱ्यांना काही मिळाले का. सर्वांत वरच्या पायरीवर क्वचितच कोणी पोचते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आयआरएचेच पाहा. १९६९ नंतरच्या तीस वर्षांत उत्तर आयर्लंडच्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली, त्यांतली सुमारे १,७०० या एका संघटनेने मारली. ब्रिटनने निघून जावे आणि आयर्लंड एक व्हावे, हे उद्दिष्ट. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने काय ठरले? उत्तरेतल्या बहुसंख्य लोकांची संमती असेल तरच ते होईल, तोवर सत्ता दोन्ही समाजांनी वाटून घ्यावी. असाच आराखडा १९७३ च्या डिसेंबरमध्ये सनिंगडेल इथे मांडला गेला होता. तो आयआरएलाही नको होता आणि कडव्या प्रोटेस्टंटांनाही नको होता. १९७४ च्या मे महिन्यात प्रोटेस्टंट कामगारांच्या संपाने तो कोसळला. म्हणूनच हिंसा नाकारणाऱ्या राष्ट्रवाद्यांच्या एसडीएलपी या पक्षाचे नेते शेमस मॅलन म्हणाले, की गुड फ्रायडे करार म्हणजे उशिरा शिकणाऱ्यांसाठी सनिंगडेल. या वाक्यावर लोक हसतात असे मी वाचले. मधल्या पंचवीस वर्षांतली माणसे मोजली की मला हसू येत नाही.

पण इथे थांबून ‘हिंसा व्यर्थ’ असे फळ्यावर लिहिणे मला जमत नाही, आणि इंग्लिशही तसे लिहीत नाहीत. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात घरे आणि मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ९ ऑगस्ट १९७१ पासून माणसे विनाचौकशी डांबली गेली. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीतच सैनिकांनी मोर्चातल्या तेरा जणांना गोळ्या घातल्या, चौदावा नंतर गेला. आणि हे समर्थनीय नव्हते असे ब्रिटनच्या पंतप्रधानांनी संसदेत कबूल करायला १५ जून २०१० उजाडला. त्या गोळीबारानंतर आयआरएत भरती व्हायला मुलांची रीघ लागली. त्यांना सिद्धांत नको होते. इंग्लिश ज्याला लढण्यातच मिळणारे मोल म्हणतात, त्यात सूडही येतो, आणि बाकी सगळे फसले तरी सूड पदरात पडतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. सरकारांना त्यांनी दिलेले सल्लेही याच अनुभवातून आलेले आहेत: लष्कराचा अतिरेक करू नका, कायद्याची चौकट सोडू नका, खरी मदार गुप्तवार्तांवर ठेवा, आणि लोकांशी खोटे बोलू नका, कारण एकदा विश्वासार्हता गेली की ती कुठल्या बंदोबस्ताने परत येत नाही.

आणि १९८१ चे काय करायचे? तुरुंगात उपोषणाला बसलेले आयआरएचे सत्तावीस वर्षांचे बॉबी सँड्स ९ एप्रिलला ३०,४९३ मते घेऊन खासदार म्हणून निवडून आले आणि ५ मे रोजी, उपोषणाच्या ६६ व्या दिवशी गेले. त्यांच्यामागे आणखी नऊ जण. बाँबने जे दहा वर्षांत जमले नव्हते ते त्या मतपत्रिकांनी केले. सिन फेनला निवडणुकीचा रस्ता दिसला, आणि त्याच रस्त्याने पुढे ती माणसे करारापर्यंत आली. पण सँड्स तुरुंगात होते ते शस्त्र बाळगल्याबद्दल. हा धागा सरळ ओढू गेले की दुसरीकडे गाठ पडते.

आपल्या भाषेनेही मला या वाचनात बरेच छळले. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठीत हिंसक मार्गाला ‘अत्याचारी’ म्हणत आणि गांधीजींच्या चळवळीला ‘अनत्याचारी असहकार’. त्या शब्दात मार्गाचे नाव होते, माणसावर शिक्का नव्हता. आज आपल्याकडे ‘क्रांतिकारक’ आहे आणि ‘दहशतवादी’ आहे, आणि दोहोंपैकी कोणता वापरायचा हे आपण कृती पाहून ठरवत नाही. कोणी केले आणि कोणावर केले ते पाहून ठरवतो. ओमॅलींसाठी मराठी शब्द शोधताना मी वहीत एक लिहिला, खोडला, दुसरा लिहिला, तोही खोडला. शेवटी नुसते नाव ठेवले.

मला तेव्हा माझ्याच वर्गातला एक तास आठवला. २२ जून १८९७, पुण्यातला गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू, प्लेगच्या काळात घराघरांत सोजीर घालणारा रँड. मी रंगून शिकवत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, आयर्स्टने काय केलं होतं?” लेफ्टनंट आयर्स्ट हा मागच्या गाडीतला, त्यालाही गोळी घातली गेली आणि तो जागीच गेला. मी म्हटले, “तो चुकून मारला गेला,” आणि पुढे गेले. चापेकरांबद्दलचा माझा आदर आजही कमी झालेला नाही. त्या प्लेगात काय झाले ते मी वाचले आहे. पण त्या मुलीचा प्रश्न अर्ध्या वाक्यात मिटवायचा नव्हता. आयर्लंडच्या अभ्यासकांनी असे प्रश्न मिटवले नाहीत. १९१६ ते १९२१ या काळात राजकीय हिंसाचाराने आयर्लंडमध्ये मेलेल्या २,८५० जणांची एकेक नोंद करणारा ग्रंथ तिथल्या दोन इतिहासकारांनी २०२० मध्ये पुरा केला: बंडखोर, सैनिक, पोलीस, पाववाला, खिडकीतून पाहणारी बाई, सगळे एकाच क्रमात. अलीकडच्या संघर्षासाठी असेच काम काही पत्रकारांनी आधीच केले होते. त्यांचा जाडजूड ग्रंथ १९९९ मध्ये आला, त्यात प्रत्येक मृत माणसाला क्रमांक आणि परिच्छेद आहे.

परत येण्याच्या आधीच्या आठवड्यात शेजारच्या बाई चहाला आल्या होत्या. वाचनालयात तो जाडजूड ग्रंथ पाहिल्याचे मी बोलण्याच्या ओघात सांगितले. त्या गप्प झाल्या, मग त्यांनी एक नाव आणि एक वर्ष सांगितले आणि विचारले, “तिची नोंद आहे का बघशील?” शाळेतली मैत्रीण होती, बाजारात गेली होती. दुसऱ्या दिवशी मी ती नोंद शोधली, वहीत उतरवून घेतली आणि संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाल्या, “सगळं बरोबर आहे. फक्त तिने त्या दिवशी थोरल्या बहिणीचा कोट घातला होता, हिरवा, न विचारता. बहीण सकाळपासून चिडलेली होती. नंतर कितीतरी वर्षं ती म्हणायची, की मी तिला रागावायला नको होतं.” मी पेन काढले आणि नोंदीच्या खाली मराठीत तारीख घालून लिहिले: कोट हिरवा, बहिणीचा. त्यांनी मला ते शब्द वाचायला लावले. भाषा कळत नसताना त्यांनी मान हलवली आणि पुन्हा एकदा वाच म्हणाल्या.